आधी टेबल मोजा, मग मॉनिटर घ्या

वस्त्यावस्त्यांमधून विहारात, समाजमंदिरात अभ्यासिका चालवण्याचे काम आज अनेक ठिकाणी नेटाने सुरू आहे. मुलामुलींना परीक्षेचे अर्ज भरता यावेत, टायपिंगचा सराव करता यावा, ऑनलाइन चाचण्या देता याव्यात म्हणून तिथे संगणकही येऊ लागले आहेत. खरेदीसाठी समितीची बैठक बसते तेव्हा पहिला प्रश्न असतो, "मॉनिटर किती इंची घ्यायचा?" उत्तरही ठरलेले असते, "परवडेल तेवढा मोठा. मोठा म्हणजे डोळ्यांना बरा." घरी मुलासाठी किंवा सुनेच्या घरून करायच्या कामासाठी मॉनिटर घेतानाही हेच उत्तर दिले जाते.

हे उत्तर चुकीचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मॉनिटरचा आकार पाकिटातल्या पैशांवर किंवा दुकानदाराच्या आग्रहावर ठरू नये. तो टेबल किती रुंद आहे आणि त्यासमोर बसणाऱ्या माणसाचे डोळे कुठे येतात, यावर ठरायला हवा. हे मोजायला दहा मिनिटे लागतात आणि साधी टेप पुरते. ही दहा मिनिटे वाचवली की पुढे अनेक वर्षे मान, खांदे आणि डोळे त्याची किंमत मोजत राहतात.

नर्सिंग शिकताना आम्हाला पहिल्याच वर्षी रक्तदाब घ्यायला शिकवतात. दंडाला बांधायचा पट्टा दंडाच्या मापाचा हवा, हा त्यातला पहिला धडा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर रक्तदाब आहे त्यापेक्षा जास्त दिसतो, बारीक दंडाला मोठा पट्टा बांधला तर कमी दिसतो. म्हणून कोणी "सर्वात मोठा पट्टा आणा" असे म्हणत नाही, आधी दंड बघतात. मॉनिटरही तसाच आहे. माप शरीराचे घ्यायचे आणि वस्तू त्या मापाची आणायची.

इंच म्हणजे नेमके काय?

दुकानात २४ इंच, २७ इंच म्हणतात ते माप पडद्याच्या एका कोपऱ्यापासून तिरके समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे असते. त्यामुळे टेबलावर तो किती जागा खाईल याचा अंदाज नुसत्या आकड्यावरून येत नाही. हल्लीचे बहुतेक मॉनिटर १६ बाय ९ या प्रमाणाचे असतात. त्या हिशेबाने साडेएकवीस इंची पडदा (दुकानात त्याला २२ इंची म्हणतात) आडवा सुमारे ४८ सेंटीमीटर आणि उभा २७ सेंटीमीटर भरतो. २४ इंची पडदा आडवा ५३ आणि उभा ३० सेंटीमीटर. २७ इंची आडवा ६० आणि उभा ३४. ३२ इंची आडवा ७१ आणि उभा ४०. चोवीस आणि सत्तावीस यांत फक्त तीन इंचांचा फरक वाटतो, पण पडद्याचे क्षेत्रफळ सव्वापट होते.

हे डोळ्यांसमोर आणायचा बिनखर्ची उपाय सांगते. मोठ्या आकाराच्या दैनिकाचे एक पान आडवे धरा. ते जवळपास २४ इंची पडद्याएवढे असते. पाने जोडून किंवा दुमडून २२, २४ आणि २७ इंचांची मापे कापा. मॉनिटर जिथे उभा राहील तिथे एकेक कागद पुठ्ठ्यावर चिकटवून उभा करा आणि रोजच्या खुर्चीवर बसून पाहा. मान न वळवता दोन्ही कडा दिसतात का? वरची कड पाहायला हनुवटी उचलावी लागते का? एवढ्याने निम्मा निर्णय होतो.

टेबलाची रुंदी हा खरा प्रश्न

पडदा डोळ्यांपासून किमान ५० सेंटीमीटर लांब असावा, आणि १०० सेंटीमीटरपेक्षा लांब नसावा. बसल्या जागी हात सरळ पुढे केला की बोटांची टोके पडद्याला टेकतील न टेकतील एवढे अंतर बहुतेकांना सोयीचे पडते.

आता आपल्या अभ्यासिकांमधली टेबले पाहू. पुष्कळ ठिकाणी ती पुस्तक वाचण्यासाठी बनवलेली असतात, रुंदी दीड फूट, म्हणजे ४५ सेंटीमीटर. पुस्तकाला ती पुरते. पण मॉनिटरच्या स्टँडला मागे जागा लागते. स्टँड भिंतीला चिकटवला तरी पडदा भिंतीपासून दहा-बारा सेंटीमीटर पुढे येतो. उरतात ३३ सेंटीमीटर. त्यातच कीबोर्ड ठेवायचा, वही ठेवायची आणि कोपर टेकायचे. मुलगा ताठ बसला तर डोळे पडद्यापासून जेमतेम ४५ सेंटीमीटरवर येतात. लिहायला पुढे वाकला की ३३वर. अशा टेबलावर ६० सेंटीमीटर आडवा, म्हणजे २७ इंची पडदा ठेवला, तर डावीकडचा प्रश्न आणि उजवीकडचे घड्याळ पाहायला मान सतत इकडून तिकडे फिरवावी लागते. सिनेमागृहात पहिल्या रांगेत बसल्यासारखे ते होते. तीन तासांच्या सिनेमाला आपण ते सहन करतो, वर्षभराच्या अभ्यासाला नाही.

म्हणून मी असा हिशेब सुचवते. डोळ्यांपासून पडद्यापर्यंत प्रत्यक्ष अंतर मोजा. ते ५० ते ६० सेंटीमीटर असेल तर २२ किंवा २४ इंची पडदा घ्या. ६० ते ७५ सेंटीमीटर असेल तर २४ इंची उत्तम, कामाची गरज असेल तर २७ इंची चालेल. ७५ सेंटीमीटरच्या पुढे जागा असेल तरच ३२ इंचीचा विचार करा. अंतर ५० सेंटीमीटरच्या आत येत असेल, तर आधी टेबलाचा प्रश्न सोडवा. टेबल भिंतीपासून वीतभर पुढे ओढून मागे फळी ठोकता येते. मॉनिटरच्या पाठीमागे चार स्क्रूंची भोके असतील तर तो भिंतीवर कंसाने लावता येतो, मग स्टँडची जागा वाचते. नवीन टेबले करायची असतील तर सुताराला दोन ते अडीच फूट रुंदी सांगा. समितीला माझे सांगणे असे, की मॉनिटर एक नंबर लहान घ्या आणि वाचलेला पैसा टेबल आणि खुर्चीवर घाला.

उंचीचा हिशेब

पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली असावी, म्हणजे नजर सहज थोडी खाली जाते. नजर खाली असली की पापणीही थोडी खाली राहते आणि डोळा कमी उघडा पडून कमी सुकतो.

एक उदाहरण घेऊ. एखादी ताई खुर्चीवर ताठ बसली आणि तिचे डोळे टेबलापासून ३८ सेंटीमीटर उंचीवर आले. मॉनिटरचा पडदा स्टँडमुळे टेबलापासून दहा सेंटीमीटर वर सुरू होतो असे धरा. २२ इंचीची वरची कड ३७ सेंटीमीटरवर येईल, डोळ्यांच्या बरोबरीत. २४ इंचीची ४०वर, म्हणजे जवळपास ठीक. २७ इंचीची ४४वर, आणि ३२ इंचीची ५० सेंटीमीटरवर, म्हणजे डोळ्यांच्या बारा सेंटीमीटर वर. ही ताई दिवसभर मान मागे टाकून काम करणार. संध्याकाळी ती म्हणणार, "मानेत लचक भरली." बाम चोळून ती जाणार नाही, कारण दुखणे पडद्याच्या उंचीत आहे. मोठ्या पडद्याचा स्टँड उंच करता येतो, पण पुरेसा खाली नेता येईलच असे नाही. लहान पडदा मात्र खाली लाकडी पाट ठेवून हवा तेवढा उंच करता येतो. उंचीने कमी असलेल्या माणसांना, म्हणजे आपल्यातल्या बहुसंख्य बायकांना आणि शाळकरी मुलांना, हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे.

खुर्ची उंच करून हा प्रश्न सोडवणारेही आहेत. पण मग पाय लोंबकळतात आणि मांडीच्या मागे दाब येतो. खुर्ची उंच केली तर पायांखाली पाट हवाच.

मराठी अक्षर आणि मोठा पडदा

"मोठ्या पडद्यावर अक्षर मोठे आणि स्पष्ट दिसते," हा दुसरा समज. अक्षर स्पष्ट दिसणे पडद्याच्या आकारावर नाही, एका इंचात किती ठिपके बसवले आहेत यावर अवलंबून असते. नेहमीच्या 'फुल एचडी' पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, मग पडदा केवढाही असो. ते २४ इंचांत पसरले तर इंचाला सुमारे ९२ ठिपके येतात, २७ इंचांत ८२ आणि ३२ इंचांत फक्त ६९. तेच ठिपके मोठ्या जागेत ताणले की अक्षराच्या कडा दातेरी दिसू लागतात.

देवनागरीला हे इंग्रजीपेक्षा जास्त जाचते. आपल्या अक्षराला वर अनुस्वार, मात्रा, रफार आणि खाली उकार असतो. लिपिक-टंकलेखकाच्या पदासाठी मराठी टायपिंगचा वेग मिनिटाला ३० शब्द लागतो. त्याचा सराव करणाऱ्या मुलीला अनुस्वार आहे की नाही हे डोळे ताणून पाहावे लागत असेल, तर तिचा वेगही जातो आणि डोकेही दुखते. २७ इंची घ्यायचाच असेल तर २५६० बाय १४४० ठिपक्यांचा, म्हणजे दुकानात ज्याला क्यूएचडी म्हणतात तो घ्या. त्यात इंचाला १०९ ठिपके येतात. तेवढे पैसे नसतील तर २४ इंची फुल एचडी हाच शहाणपणाचा सौदा आहे.

अक्षर मोठे करायला तर पैसेच लागत नाहीत. संगणकाच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये 'स्केल' १०० टक्क्यांवरून १२५ करा. पान वाचताना कंट्रोल आणि अधिकचे बटण दाबा.

याच कारणाने जुने टीव्ही मॉनिटर म्हणून लावण्याला माझा विरोध आहे. कुणी चांगल्या भावनेने ३२ इंची टीव्ही अभ्यासिकेला देतो आणि तो टेबलावर संगणकाला जोडला जातो. स्वस्त ३२ इंची टीव्हीत पुष्कळदा १३६६ बाय ७६८ ठिपकेच असतात, म्हणजे इंचाला जेमतेम ४९. दहा फुटांवरून बातम्या पाहायला तो ठीक आहे. दीड फुटावरून जाहिरातीतली बारीक अक्षरे वाचायला नाही. तो टीव्ही भिंतीवर लावा आणि सगळ्यांना मिळून व्याख्यान दाखवायला वापरा. देणगीचा मानही राहील आणि मुलांचे डोळेही.

चाळिशी लागलेल्यांसाठी

माझ्या वयाच्या भगिनी आणि बंधू या ओळी जरा लक्ष देऊन वाचा. चाळिशीचा चष्मा साधारण ३५ ते ४० सेंटीमीटरवरच्या पुस्तकासाठी दिलेला असतो. मॉनिटर असतो ६० सेंटीमीटरवर. त्या चष्म्यातून तो धूसर दिसतो, म्हणून माणूस नकळत पुढे झुकतो आणि पाठ टेकायची सोडून देतो. दोन भागांचा, म्हणजे बायफोकल चष्मा असेल तर खालच्या भागातून पाहण्यासाठी हनुवटी वर करतो आणि मानेचे दुखणे ओढवून घेतो. यावर मोठा मॉनिटर हा इलाज नाही. चष्म्याची तपासणी करायला जाताना पडद्याचे अंतर सेंटीमीटरमध्ये लिहून न्या आणि "एवढ्या अंतरासाठी नंबर काढा" असे सांगा. बायफोकल वापरत असाल तर पडदा इतरांपेक्षा थोडा खाली ठेवा.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. "अक्षर दिसत नाही, मोठा मॉनिटर घेऊ" असे कोणी म्हणाले की मी आधी विचारते, साखर कधी तपासली? मधुमेहात आणि वाढलेल्या रक्तदाबात डोळ्याच्या आतल्या पडद्याला इजा होते आणि सुरुवातीला ती दुखतसुद्धा नाही. मोतीबिंदू आणि काचबिंदू यांचेही तसेच. मोठ्या अक्षरांमुळे काही महिने निभावून जाते आणि तेवढ्यात उपचाराची वेळ निघून जाते. मधुमेह असलेल्याने वर्षातून एकदा बाहुली मोठी करून डोळ्याचा आतला पडदा तपासून घ्यावा. जिल्हा रुग्णालयाच्या नेत्रविभागात ही सोय असते.

निळ्या प्रकाशापासून वाचवणारा चष्मा म्हणून मॉनिटरसोबत हजार-दीड हजाराची काच गळ्यात मारणारे दुकानदारही आहेत. अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये सांगितले, की अशा काचांनी संगणकावरचा डोळ्यांचा थकवा कमी होतो असे दिसत नाही. डोळे थकतात त्याचे मोठे कारण म्हणजे पडद्याकडे टक लावल्यावर पापण्या लवणे निम्म्याहून कमी होते. त्यावर उपाय फुकटचा आहे. दर २० मिनिटांनी २० फूट लांबच्या वस्तूकडे २० सेकंद पाहा आणि मुद्दाम पापण्या मिटा. पंख्याचा झोत तोंडावर घेऊ नका. खिडकी पडद्याच्या पाठीमागे किंवा तुमच्या पाठीमागे नको, बाजूला असावी.

दहा बाय बाराच्या खोलीत

हे सगळे मोठ्या घरांसाठी आहे, असे कुणी म्हणेल. मुंबईच्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. अशा खोल्यांत राहून पिढ्या शिकल्या. तिथे वेगळे टेबल कुठून येणार? म्हणूनच तर मी सांगते की मोठा मॉनिटर हा लहान घराचा शत्रू आहे. अशा घरात बहुधा लॅपटॉप असतो आणि तो मांडीवर, पलंगावर किंवा स्वयंपाकाच्या ओट्यावर उघडला जातो. लॅपटॉपचा पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले. हात सोयीचे ठेवावेत तर मान वाकते, मान सरळ ठेवावी तर हात वर जातात. यावर सर्वात स्वस्त इलाज म्हणजे वेगळा कीबोर्ड आणि माऊस घेऊन लॅपटॉप डब्यावर किंवा पाटावर डोळ्यांच्या पातळीला ठेवणे. मॉनिटर घेणे जमत असेल तर २२ इंची घ्या, तो भिंतीवर कंसाने लावा आणि त्याखाली घडीची फळी बसवा. काम संपले की फळी खाली पाडता येते आणि जेवणाची पंगत तिथेच बसते.

मागणी करायला शिका

शेवटचा मुद्दा कामगारांचा. डेटा एंट्री, कॉल सेंटर, रुग्णालयातली नोंदणी, सेतू केंद्र अशा ठिकाणी आपली मुले-मुली आठ-आठ, दहा-दहा तास पडद्यासमोर बसतात. त्यांच्यापुढचा मॉनिटर आणि टेबल त्यांनी निवडलेले नसते. मी काम केलेल्या एका रुग्णालयात संगणक उंच काउंटरवर ठेवला होता आणि आम्ही पाळीभर उभ्याने, खांदे उचलून नोंदी करत होतो. कोणाला तक्रार करण्याचे सुचलेही नव्हते, कारण दुखणे हा नोकरीचाच भाग आहे असे आम्ही धरून चाललो होतो.

ब्रिटनमध्ये १९९२ साली संगणकाच्या पडद्यासमोर काम करणाऱ्यांसाठी वेगळे नियम झाले. कामगाराची बैठक, टेबल आणि पडदा तपासून धोका कमी करणे ही मालकाची जबाबदारी ठरली, आणि कामगाराने मागितली तर डोळ्यांची तपासणीही मालकाच्या खर्चाने. हे तिथे कुणी मेहेरबानी म्हणून देत नाही, नियम म्हणून देते. आपणही आपल्या कामाच्या जागी लेखी मागणी करू शकतो: पडद्याचे अंतर ५० सेंटीमीटरपेक्षा जास्त हवे, वरची कड डोळ्यांच्या पातळीला हवी, लॅपटॉपला वेगळा कीबोर्ड हवा, तासाला पाच मिनिटे उठायची मुभा हवी. एकट्याने मागितले तर "नाजूक आहे" म्हणतात. दहा जणांनी सही करून दिले तर फाईल हलते.

हाताला मुंग्या येऊन रात्री झोपमोड होत असेल, मानेतून हातात कळ जात असेल, एकाचे दोन दिसत असेल किंवा डोकेदुखी आठवड्यानंतरही थांबत नसेल, तर टेबल-मॉनिटर बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

बाकी सर्वांना एवढेच सांगणे. येत्या रविवारी घरातली टेप घ्या. टेबलाची रुंदी, डोळ्यांपासून पडद्याचे अंतर आणि टेबलापासून डोळ्यांची उंची, ही तीन मापे वहीत लिहा. अभ्यासिकेच्या समितीने तीच तीन मापे तिथे रोज बसणाऱ्या सर्वात बुटक्या आणि सर्वात उंच मुलामुलीची घ्यावीत. मग ती वही घेऊन दुकानात जा. दुकानदार "मोठा घ्या ना ताई" म्हणाला की वही उघडून दाखवा.